होतकरू पोरं द्यायची कधी, राखायची कधी: बेसबॉलमधल्या ट्रेडचा हिशेब

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये जुलैचा शेवटचा आठवडा हा बाजाराचा आठवडा. तीस संघांपैकी काही यंदाच जिंकायचं म्हणून निघालेले असतात, काहींनी मनातल्या मनात हंगाम सोडलेला असतो. पहिले आपल्या मायनर लीगमधली (खालच्या, तयारीच्या संघांतली) होतकरू पोरं देतात आणि दुसऱ्यांचे मुरलेले खेळाडू घेतात. आयपीएलमध्ये लिलाव आणि रोख व्यवहारांवर बरंचसं भागतं. इथे बहुतेक वेळा माणसाच्या बदल्यात माणूसच द्यावा लागतो, आणि दिलेला पोरगा पुढची पंधरा वर्षं दुसऱ्याच्या जर्सीत चमकू शकतो. म्हणून प्रत्येक ट्रेडनंतर, म्हणजे अशा अदलाबदलीनंतर, चाहत्यांत दोनच सूर निघतात: ‘लुटलं’ किंवा ‘लुटले गेलो’.

नवखा माणूस आधी नावं पाहतो. कोण येतोय, कोण जातोय, प्रॉस्पेक्टच्या (होतकरूंच्या) यादीत त्याचा नंबर कितवा. हा क्रमच उलटा आहे. आधी आपला संघ कुठे उभा आहे ते पाहायचं, मग येणारा किती विजय आणतो, मग तो किती काळ आपला राहतो, आणि पोरं कोणती हे सगळ्यात शेवटी. गाजलेल्या वाईट ट्रेडपैकी बऱ्याच पहिल्याच पायरीवर फसलेल्या दिसतात.

आधी चार शब्द समजून घ्या

प्रॉस्पेक्ट म्हणजे संघाच्या मायनर लीगमधला होतकरू खेळाडू. खालून वर पातळ्या अशा: रूकी किंवा कॉम्प्लेक्स लीग, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. स्काउट मंडळी त्याला २० ते ८० या पट्टीवर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, ६० म्हणजे ऑल-स्टारच्या (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या) आसपास.

हक्काची वर्षं ही या सगळ्या बाजाराची खरी किंमत. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. सहा वर्षं होईपर्यंत खेळाडू संघाच्या हक्कात राहतो. पहिली साधारण तीन वर्षं तो किमान पगारावर किंवा त्याच्या जरा वर खेळतो (२०२५ मध्ये किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता), नंतरची तीन वर्षं लवादातून पगार ठरतो, आणि मग तो मोकळा, हव्या त्या संघाशी करार करणारा. हंगाम संपताच मोकळा होणार असेल त्याला बाजारात ‘रेंटल’ म्हणतात.

वॉर हा आकडा सतत कानावर येईल. ट्रिपल-एमधून सहज उचलून आणता येईल अशा बदली खेळाडूपेक्षा हा माणूस हंगामात किती विजय जास्त देतो, त्याचा तो अंदाज. दोन वॉरचा खेळाडू म्हणजे ठीकठाक नियमित, चारचा म्हणजे चांगला, सहाच्या पुढचा एमव्हीपीच्या (सर्वात मोलाच्या खेळाडूच्या किताबाच्या) चर्चेतला.

संघात सामन्यासाठी २६ जण असतात, पण कागदोपत्री ४० जणांची यादी असते. ही यादी लक्षात ठेवा, पाचव्या पायरीला ती कामी येते.

पायरी १: आपण नेमके कुठे आहोत

तक्त्यातले विजय-पराभव पाहून थांबू नका. धावांचा हिशेब करा. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, एवढं साधं सूत्र आहे. समजा संघाने १०५ सामन्यांत ४८० धावा केल्या आणि ४४० दिल्या. ४८० चा वर्ग २,३०,४००, ४४० चा १,९३,६००. उत्तर येतं ०.५४३, म्हणजे १०५ सामन्यांत ५७ विजय. तक्त्यात मात्र ६१ दिसतात. वरचे चार विजय एका धावेने जिंकलेल्या सामन्यांतून, नशिबाने आलेले असण्याची शक्यता जास्त. उरलेल्या ५७ सामन्यांसाठी ०.५४३ हाच वेग धरायचा: ३१ विजय, एकूण ९२.

आता हे ९२ कुठे नेतात ते पाहा. २०२२ पासून नॅशनल आणि अमेरिकन या दोन्ही लीगमधून प्रत्येकी सहा संघ प्लेऑफला जातात. पहिल्या दोन विभागविजेत्यांना पहिल्या फेरीतून सूट मिळते, बाकी चार जण तीन सामन्यांच्या छोट्या मालिकेत भिडतात. २०२३ मध्ये ॲरिझोना ८४ विजयांवर आत शिरली आणि थेट वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, पोचली. २०२५ मध्ये सिनसिनाटीला ८३ पुरले. त्यामुळे साधारण ८२ ते ९२ या पट्ट्यात एकेका विजयाला सोन्याचा भाव असतो. ७२ विजयांच्या वाटेवर असलेल्या संघाला आणखी एक मिळून ७३ झाले तर काहीच बदलत नाही. ९४-९५ च्या आसपास भाव पुन्हा थोडा वर जातो, कारण तिथे सूट मिळवायची असते. शंभराच्या पुढे गेलेल्या संघाने मात्र नियमित हंगामाचा विचार सोडून फक्त ऑक्टोबरसाठी, म्हणजे प्लेऑफसाठी, खरेदी करावी.

या पायरीवर पाय घसरला की काय होतं त्याचे दाखले पुरेसे आहेत. शिकागो व्हाइट सॉक्सने २०१६ ची सुरुवात २३-१० (२३ विजय, १० पराभव) अशी केली, मग घसरण सुरू झाली. ती थांबवायला जूनच्या सुरुवातीला त्यांनी सॅन डिएगोकडून पिचर (चेंडू टाकणारा) जेम्स शील्ड्स घेतला. बदल्यात गेलेल्यांपैकी एक १७ वर्षांचा पोरगा होता, एकही व्यावसायिक सामना न खेळलेला. नाव फर्नांडो टाटिस ज्युनियर, पुढे मोठा स्टार झालेला. शिकागोकडे शील्ड्सचा ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, जितका कमी तितका चांगला) त्या वर्षी सहाच्या पुढे गेला आणि संघ ७८-८४ वर संपला. पिट्सबर्गचं २०१८ चं प्रकरण त्याहून बोलकं आहे. जुलैमध्ये सलग अकरा सामने जिंकले, आणि त्या भरात क्रिस आर्चरसाठी ऑस्टिन मेडोज, टायलर ग्लासनाउ आणि शेन बाझ हे तिघे टँपा बेला देऊन टाकले. संघ होता निम्मे जिंकणारा, निम्मे हरणारा. शेवट ८२-७९. आर्चरच्या हक्काची वर्षं बाकी होती म्हणून आकांत करू नये असं तेव्हा बोललं गेलं. पण २०१९ मध्ये त्याचा ईआरए पाचच्या पुढे होता आणि २०२० तो शस्त्रक्रियेमुळे खेळलाच नाही.

अकरा विजयांच्या मालिकेवर खरेदी करू नका. हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्याच्या लायकीचा आहे.

एंजल्स संघाचा २०२३ चा निर्णय थोडा वेगळा. त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू शोहेई ओहतानी हंगाम संपताच मोकळा होणार होता, त्यामुळे मालकांना एक शेवटचा डाव खेळायचा होता. जुलैअखेर लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ आले, बदल्यात कॅचर (यष्टिरक्षकासारखा) एडगर केरो आणि पिचर काइ बुश गेले. आलेले दोघेही रेंटल. ऑगस्टची सुरुवात सलग सात पराभवांनी झाली, ओहतानीचं कोपर गेलं, आणि महिनाअखेर त्याच जिओलिटो-लोपेझना वेव्हरवर (दुसरा कोणताही संघ उचलू शकेल अशा यादीवर) सोडून दिलं. क्लीव्हलंडने ते फुकटात उचलले. शेवट ७३-८९. इथे भावना समजू शकते, हिशेब समजू शकत नाही.

पायरी २: येणारा किती विजय आणतो

लोक पूर्ण हंगामाचा आकडा डोक्यात ठेवतात आणि दोन महिन्यांच्या खेळाडूवर लावतात. ५७ सामने म्हणजे हंगामाचा ३५ टक्के भाग. चार वॉरचा स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) घेतला तर उरलेल्या काळात त्याच्याकडून १.४ विजय. ज्याच्या जागी तो खेळणार तोही शून्य नसतो. तो एका वॉरच्या वेगाने खेळत असेल तर ०.३५ वजा करा. निव्वळ फायदा जेमतेम एक विजय.

यातून लगेच एक गोष्ट निघते. खड्डा जिथे खोल, तिथे भर टाका. कॅचर किंवा सेंटर फील्डला बदली दर्जाचा माणूस उभा असेल तर तिथे दोन वॉरचा साधा खेळाडू आणणं हे चौथ्या नंबरच्या स्टार्टरच्या जागी ऐटबाज नाव आणण्याइतकंच कामाचं, आणि कितीतरी स्वस्त. अटलांटाने २०२१ मध्ये हेच केलं. १० जुलैला रोनाल्ड अकुन्याचा गुडघा गेला, आउटफील्ड रिकामं झालं, संघ निम्म्याच्या खाली होता. त्यांनी जॉक पीडरसन, ॲडम डुव्हाल, एडी रोझारिओ आणि होर्हे सोलेर असे चार आउटफिल्डर आणले आणि बदल्यात आपल्या मायनर लीगमधलं एकही मोठं नाव दिलं नाही. रोझारिओसाठी तर पाब्लो सांडोव्हाल हा उतारवयातला खेळाडू गेला. रोझारिओ लीग मालिकेचा एमव्हीपी झाला, सोलेर वर्ल्ड सिरीजचा. विभाग कमकुवत होता, आघाडीवरचा संघ काही फार पुढे नव्हता, म्हणजे पहिल्या पायरीचं उत्तर ‘घ्या’ असंच होतं. फक्त किती मोजायचं याचं भान त्यांनी सोडलं नाही.

ऑक्टोबरचं गणित वेगळं चालतं. मधल्या सुट्ट्यांमुळे पाचव्या स्टार्टरची गरजच उरत नाही, पहिला स्टार्टर सात सामन्यांच्या मालिकेत दोनदा तरी येतो, आणि उत्तम रिलिव्हर (मागाहून उतरणारा पिचर) नेमक्या अवघड इनिंग्जना पुन्हा पुन्हा टाकता येतो. नियमित हंगामात रिलिव्हरचा वॉर दोन-अडीचच्या पुढे क्वचित जातो, तरी जुलैमध्ये त्याला एवढा भाव येतो तो यामुळे. क्लीव्हलंडने २०१६ मध्ये अँड्र्यू मिलर घेतला आणि पाचव्या-सहाव्या इनिंगलाच त्याला उतरवायला सुरुवात केली. त्या प्लेऑफमध्ये त्याने १९ हून अधिक इनिंग्ज टाकल्या. उलट बाजूला कॅन्सस सिटीचा २०१५ चा जॉनी क्वेटो पाहा. नियमित हंगामात संघात आल्यावर तो साधारणच होता, ईआरए पावणेपाचच्या आसपास. वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात मात्र त्याने पूर्ण नऊ इनिंग्ज टाकून फक्त दोन हिट दिले.

पायरी ३: हक्काची वर्षं मोजा

रेंटल म्हणजे दोन महिने आणि ऑक्टोबर, बस्स. शिवाय एक बारीक कलम नवख्यांच्या नजरेतून सुटतं. हंगाम संपल्यावर मोकळा होणारा खेळाडू दुसरीकडे गेला तर जुन्या संघाला त्याबद्दल ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) जादा संधी मिळू शकते, पण त्यासाठी त्याने तो अख्खा हंगाम त्याच संघाकडे काढलेला असावा लागतो. जुलैमध्ये घेतलेल्या खेळाडूवर ही भरपाई मिळत नाही. विकणारा संघ म्हणून तर कधीकधी अडून बसतो: ड्राफ्टमधून मिळणाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा पोरगा तो का घेईल?

दीड किंवा अडीच वर्षांचा खेळाडू घेतला तर पारडं बदलतं. बोस्टनने डिसेंबर २०१६ मध्ये क्रिस सेलसाठी योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक यांच्यासह चार प्रॉस्पेक्ट दिले. मोंकाडा तेव्हा सगळ्या यादीत अगदी वरच्या क्रमांकांत होता. पण सेलची तीन वर्षं हाती आली, तीही वर्षाला साधारण सव्वा ते दीड कोटी डॉलरच्या करारावर. असा पिचर मोकळ्या बाजारात त्याच्या दुप्पट पैशांत मिळाला नसता. २०१८ च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा बाद त्याच्याच हातून आला.

हिवाळ्यात केलेल्या ट्रेडचा आणखी एक फायदा: पूर्ण हंगाम मिळतो, घाई नसते. तोटा असा की आपण पुढच्या जुलैमध्ये कुठे असू ते माहीत नसतं. ॲरिझोनाने डिसेंबर २०१५ मध्ये त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला डॅन्स्बी स्वान्सन, सोबत एंडर इन्सिआर्टे आणि ॲरन ब्लेअर देऊन शेल्बी मिलर घेतला. तो ३-१२ राहिला (त्याच्या नावावर तीन विजय, बारा पराभव), ईआरए ६.१५, संघ ६९-९३. मुळात आदल्या वर्षी ७९ जिंकलेल्या संघाने अव्वल ड्राफ्ट निवड आणि एक तयार सेंटर फिल्डर एका दुसऱ्या नंबरच्या पिचरसाठी मोजणं हे मिलर चांगला खेळला असता तरी महागच होतं.

लांब हक्काचा खेळाडू घेण्यातली सोय म्हणजे बेत फसला तर तो पुन्हा विकता येतो. सॅन डिएगोने ऑगस्ट २०२२ मध्ये वॉन सोटो आणि जॉश बेल यांच्यासाठी सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वूड, रॉबर्ट हॅसेल आणि हार्लिन सुसाना अशी पोरांची रांगच वॉशिंग्टनला दिली, वर लूक व्हॉइट. त्या ऑक्टोबरला त्यांनी १११ विजयांच्या डॉजर्सना घरी पाठवलं. २०२३ फसलं, तेव्हा डिसेंबरमध्ये सोटो यांकीजला देऊन मायकल किंगसह पाच जण घेतले. त्यातलाच ड्र्यू थॉर्प पुढे मार्चमध्ये देऊन डिलन सीस आणला. सोटोच्या ट्रेडचा निकाल लावताना ही साखळी शेवटपर्यंत मोजावी लागते.

पायरी ४: दुसऱ्या पारड्यात काय जातंय

इथे थोडं थांबून आकडेमोड करू. खालचे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, पण प्रमाण साधारण असंच असतं. डबल-एमधले ५० गुणांचे दहा पोरगे घ्या. त्यातले दोघे पक्के नियमित खेळाडू होतील आणि हक्काच्या सहा वर्षांत प्रत्येकी १२ विजय देतील. तिघे बाकावर किंवा बुलपेनमध्ये (रिलिव्हरांच्या ताफ्यात) रुळतील, प्रत्येकी तीन विजय. पाच जण जवळपास काहीच देणार नाहीत. बेरीज ३३, म्हणजे डोईमागे ३.३ विजय. तेही पुढच्या दोन ते आठ वर्षांत विखुरलेले.

समोरच्या पारड्यात रेंटल स्टार्टरचा एक विजय, पण याच सप्टेंबरमधला. तर मग प्रश्न असा उरतो: आज मिळणारा एक विजय तुम्हाला पुढच्या कधीतरीच्या तीन विजयांइतका मोलाचा आहे का? ८७ विजयांच्या वाटेवर असलेल्या संघाला त्या एका विजयाने प्लेऑफची शक्यता आठ-दहा टक्क्यांनी वाढत असेल, वर ऑक्टोबरसाठी दुसरा भरवशाचा स्टार्टर मिळत असेल, तर हो. ७८ च्या वाटेवर असाल तर नाही, मग समोर कोणीही असो. एकासाठी दोन पोरं मागितली तर प्रमाण सहाला एक होतं, आणि तिथे बहुतेकांनी फोन ठेवावा.

सगळे पोरगे सारखे नसतात. पिचर प्रॉस्पेक्टची किंमत तेवढ्याच गुणांच्या हिटरपेक्षा कमी धरा. कोपराची शस्त्रक्रिया झाली की वर्ष-सव्वा वर्ष हातचं जातं, आणि परत येईल तो तसाच येईल याची खात्री नसते. आकडे वाचताना वय आणि पातळी जोडीने पाहा: डबल-एमध्ये २० वर्षांचा मुलगा सरासरी खेळत असेल तर ती मोठी गोष्ट, हाय-एमध्ये २४ वर्षांचा माणूस धुमाकूळ घालत असेल तर फारसं काही नाही. डबल-एला दर दहांत तीनपेक्षा जास्त वेळा स्ट्राइकआउट (तीन संधी हुकून बाद) होणाऱ्या हिटरकडे संशयाने बघा. आणि ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये आल्बकर्की, रीनो, लास व्हेगस अशा उंचावरच्या, कोरड्या हवेच्या मैदानांवर चेंडू उडत जातो. तिथले होमरन जरा हातचे राखूनच मोजा.

यादीतल्या नंबरावर विसंबू नये हे मिलवॉकीच्या २००८ च्या सौद्यात दिसतं. सी. सी. साबाथियासाठी क्लीव्हलंडला गेलेल्यांत मोठं नाव होतं मॅट लपोर्टा. तो कधी रुळलाच नाही. ‘नाव नंतर ठरवू’ या कलमाखाली शेवटी दिलेला मायकल ब्रँटली मात्र पाच वेळा ऑल-स्टार झाला. मिलवॉकीने तरी चूक केली असं म्हणता येणार नाही. साबाथियाने १७ सामन्यांत ११-२ आणि १.६५ चा ईआरए दिला, आणि १९८२ नंतर संघ पहिल्यांदा प्लेऑफला गेला.

पायरी ५: कोणाला सोडायचं

पहिली पसंती अडलेल्यांना. शिकागो कब्जकडे २०१६ मध्ये शॉर्टस्टॉपला ॲडिसन रसेल आणि आजूबाजूला हावियेर बायेझ होते, मागून येणाऱ्या ग्लेबर टोरेसला जागा नव्हती. त्याच्यासह चौघे देऊन रिलिव्हर अरोल्डिस चॅपमन आणला. तोही रेंटल, आणि घरगुती हिंसाचाराच्या धोरणाखाली त्याच हंगामात ३० सामन्यांचं निलंबन भोगून आलेला, त्यामुळे या खरेदीवर वाजवी टीकाही झाली. खेळापुरतं बोलायचं तर १९०८ नंतरचं पहिलं विजेतेपद आलं. टोरेस पुढे तीनदा ऑल-स्टार झाला. दोन्ही होऊ शकतं हे संघाला ठाऊक होतं.

पण ‘अडलेला’ ठरवताना डोळे उघडे ठेवा. बोस्टनने १९९० मध्ये जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला, कारण तिसऱ्या बेसवर वेड बॉग्ज होता. ह्यूस्टनने त्याला पहिल्या बेसवर हलवलं. १९९१ चा सर्वोत्तम नवखा, १९९४ चा एमव्हीपी, २०१७ मध्ये हॉल ऑफ फेम. बदल्यात आलेला रिलिव्हर लॅरी अँडरसन बोस्टनसाठी फक्त २२ इनिंग्ज खेळला, अर्थात उत्तम खेळला. पोरगा एका जागेवर अडला असेल तर आधी विचारा की तो दुसरीकडे खेळू शकतो का, आणि त्याची बॅट तिथे पुरेल का.

दुसरी पसंती ४० च्या यादीत न मावणाऱ्यांना. वयाच्या १८ व्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेल्याला पाच हंगामांनी, १९ व्या वर्षी किंवा पुढे केलेल्याला चार हंगामांनी या यादीत घ्यावं लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरच्या रूल ५ ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला एक लाख डॉलरला उचलू शकतो. नोव्हेंबरमध्ये सहा जणांना जागा हवी आणि मोकळ्या जागा तीन, अशी वेळ येणार हे जुलैमध्येच दिसत असतं. यातले तिघे आजच वापरा.

याच वर्षी सप्टेंबरमध्ये तुमच्याच कामी येणारा ट्रिपल-एचा पोरगा देऊ नका. एक भोक बुजवताना दुसरं पडतं. आणि ‘सोबत एक छोटा पोरगा टाका’ असं समोरचा सहज म्हणाला तर सहज हो म्हणू नका. टाटिस असाच गेला होता. तळाच्या पातळीवरच्या ज्या मुलाचं नाव समोरच्याने आपणहून, पूर्ण उच्चारून मागितलं, त्याची फाइल आधी आपल्या स्काउटकडून पुन्हा काढून घ्या.

पायरी ६: पैसा वापरून पोरं वाचवा

समोरच्याचा पगार आपण उचलला तर पोरांची किंमत उतरते. विकणाऱ्यानेच पगाराचा भार घेतला तर ती चढते. न्यूयॉर्क मेट्सने २०२३ मध्ये मॅक्स शर्झर टेक्ससला देताना त्याच्या उरलेल्या पगारातला निम्म्याहून मोठा वाटा स्वतः भरला आणि त्या जोरावर लुइसान्हेल अकुन्या हा चांगला प्रॉस्पेक्ट मिळवला. हिशेबात संघाच्या एकूण पगारावरची लक्झरी टॅक्सची रेषा धरा. २०२५ साठी ती २४ कोटी १० लाख डॉलर होती. ती ओलांडणाऱ्याला दंड बसतो, सलग वर्षं ओलांडली की दर वाढतो, आणि ४ कोटींपेक्षा जास्त ओलांडलं तर पहिली ड्राफ्ट निवड दहा जागा मागे सरकते. ड्राफ्टच्या साध्या निवडी विकता येत नाहीत, फक्त कॉम्पिटिटिव्ह बॅलन्स नावाच्या जादा निवडी येतात.

पायरी ७: शेवटचे काही तास

ट्रेडची डेडलाइन अलीकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने संध्याकाळी ६ ला असते, भारतात तेव्हा पहाटेचे साडेतीन. तारीख २८ जुलै ते ३ ऑगस्टच्या दरम्यान कमिशनर ठरवतो, तेव्हा दर वर्षी तपासून घ्या.

बातमी आली म्हणजे ट्रेड झाली असं नाही. वैद्यकीय कागद तपासायचे असतात. २०१५ मध्ये मेट्सचा कार्लोस गोमेझचा सौदा जवळपास झालाच होता. आपण विकलो गेलो असं समजून विल्मर फ्लोरेस मैदानात डोळे पुसत उभा होता, आणि सौदा तिथेच मोडला. दोन दिवसांनी मायकल फुल्मर देऊन मेट्सने योएनिस सेस्पेडेस घेतला आणि नॅशनल लीग जिंकली. फुल्मर पुढच्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवखा ठरला, तरी तो सौदा मेट्सना महाग पडला असं म्हणवत नाही.

खेळाडूची संमतीही लागू शकते. मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघाकडे काढलेला खेळाडू नकार देऊ शकतो. जस्टिन व्हर्लँडरला हा हक्क होता. ३१ ऑगस्ट २०१७ च्या रात्री त्याचा होकार मुदत संपायला काही मिनिटं असताना आला. तेव्हा ऑगस्टमध्येही वेव्हरमार्गे ट्रेड करता येत. २०१९ पासून ती वाट बंद आहे.

येणाऱ्यासाठी ४० च्या यादीत जागा आहे का ते आधी पाहा. ६० दिवसांच्या जखमी यादीतला माणूस त्यात धरत नाहीत, तेवढी सवलत. ज्याला मायनर लीगमध्ये पाठवायचे तीनही ऑप्शन संपलेत अशा खेळाडूला खाली पाठवताना वेव्हरवरून जावं लागतं, म्हणजे तो गमावण्याची तयारी हवी. यंदाच ड्राफ्ट झालेला मुलगा वर्ल्ड सिरीज संपेपर्यंत ट्रेड करता येत नाही. त्याला द्यायचंच असेल तर ‘नाव नंतर’ हे कलम वापरतात, त्याची मुदत सहा महिने.

ट्रेडचा न्याय करताना तारीख झाकू नका. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटने डॉइल अलेक्झांडरसाठी जॉन स्मोल्ट्झ दिला, आणि ही ट्रेड आजही मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. अलेक्झांडर ९-० राहिला, ईआरए १.५३, आणि विभाग टोरांटोवर अवघ्या दोन सामन्यांनी जिंकला गेला. तो नसता तर ते प्लेऑफला गेलेच नसते. डेट्रॉइट नेमकं त्या पट्ट्यात उभं होतं जिथे एकेक विजय तिप्पट मोलाचा असतो. स्मोल्ट्झ हॉल ऑफ फेमला गेला हे खरं, पण २२ व्या फेरीत निवडलेल्या २० वर्षांच्या मुलाबद्दल तेव्हा कोणी ते छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

डेडलाइन उलटून गेल्यावर वाट उरते ती वेव्हरवरच्या आणि मोकळ्या खेळाडूंची. प्लेऑफमध्ये खेळायला खेळाडू ३१ ऑगस्टपर्यंत संघात दाखल झालेला असावा लागतो. एंजल्सनी २९ ऑगस्टला सोडलेले पिचर क्लीव्हलंडने लगेच उचलले ते या मुदतीमुळे. तेव्हा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हरलेल्या संघांची वेव्हर यादी रोज वाचा, आणि ४० च्या यादीत एक जागा रिकामी ठेवा.